चौदावे वर्ष आणि सतरा नंबरचा फॉर्म

माझ्या थोरल्या मुलीने आषाढात चौदावे वर्ष पूर्ण केले आणि तिला शाळेतून काढून घरी शिकवावे की काय, हा प्रश्न त्याच महिन्यात आमच्या घरात पहिल्यांदा उघडपणे बोलला गेला. वय आणि प्रश्न यांची ही गाठ योगायोगाने पडलेली नव्हती, कारण सरकारदरबारी चौदा हे फार गर्दीचे वय आहे. २००९ चा शिक्षण हक्क कायदा सहा ते चौदा या वयातल्या मुलांसाठी आहे. त्याच्या कलम १० प्रमाणे मुलाला शाळेत घालणे हे पालकाचे कर्तव्य ठरते, मात्र ते न पाळणाऱ्या पालकाला कोणतीही शिक्षा त्यात सांगितलेली नाही, आणि चौदा उलटले की ते कर्तव्यही त्या कायद्यापुरते संपते. राष्ट्रीय मुक्त विद्यालयी शिक्षण संस्थेची, म्हणजे ज्याला सगळे एनआयओएस म्हणतात तिची, दहावी द्यायची तर चौदा पूर्ण लागतात. राज्य मंडळाच्या दहावीला खासगी विद्यार्थी म्हणून बसण्यासाठी जो सतरा नंबरचा फॉर्म भरतात, त्यालाही चौदाच लागतात. आणि अध्ययन अक्षमतेचे, म्हणजे बुद्धी असूनही वाचणे-लिहिणे अडण्याचे, जे प्रमाणपत्र माझ्या मुलीकडे आहे, तेही २०१८ च्या केंद्रीय मार्गदर्शक सूचनांप्रमाणे चौदाव्या वर्षी पुन्हा तपासून घ्यावे लागते. त्यानंतरची तपासणी अठराव्या वर्षी. मी पंचायत समितीच्या लेखा शाखेत नोकरी करते. कागद वाचणे हा माझा पोटाचा धंदा आहे, तरीही हे सगळे कागद एका टेबलावर मांडून बसले तेव्हा माझे डोके चक्रावले.

आमचे गाव परभणी जिल्ह्यात, जिंतूर रस्त्याच्या आत. मुलगी तालुक्याच्या गावी नववीत शिकते. तिला डिस्लेक्सिया, म्हणजे वाचनाची अडचण, आहे, आणि त्याच्या जोडीला लिहिण्यातही अडचण आहे. बुद्धी उत्तम असल्याचे तपासणीत लेखी नोंदवलेले आहे, आणि नजर व कान आधीच तपासून झाले होते. ही तपासणी मोठ्या शहरांत तरी वेळेवर होते, आमच्याकडे ती नशिबाने होते. १९९५ च्या अपंग व्यक्ती कायद्यात सातच प्रकार होते आणि त्यांत अध्ययन अक्षमता कुठेच नव्हती. २०१६ च्या दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियमाने ती यादी एकवीस प्रकारांची केली, तेव्हा कुठे ती यादीत आली. म्हणजे माझ्या पिढीत अशी जी मुले असतील, ती सरकारच्या लेखी एक तर आळशी होती किंवा ढ होती. माझा एक चुलतभाऊ सातवीतून शाळा सोडून गॅरेजवर गेला आणि आज कोणत्याही ट्रॅक्टरचे इंजिन डोळे मिटून उकलतो. त्याला दुकानाची पाटी अजूनही अडखळत वाचावी लागते. त्याला काय होते, हे विचारण्याची सोय तेव्हा नव्हती.

मुलीची वही मी रोज पाहते. मराठी लिपी उच्चाराप्रमाणे चालते म्हणून सोपी, असे आपण मोठ्या अभिमानाने म्हणतो, आणि इंग्रजीच्या तुलनेत ते खरेही आहे. परंतु ज्या मुलाला आवाज आणि अक्षर यांची सांगड घालायलाच कष्ट पडतात, त्याच्यासाठी या लिपीतही चकवे काही कमी नाहीत. ऱ्हस्व वेलांटी उच्चारायची नंतर आणि काढायची आधी. र तर एकाच वर्णाचा बहुरूपी: सूर्य, प्रकाश, राष्ट्र आणि वाऱ्यावर हे चार शब्द लिहून पाहावेत, चारही ठिकाणी त्याचे सोंग वेगळे. माझी मुलगी ‘सूर्य’ हा शब्द ‘सुय्र’ असा लिहिते, ‘शिक्षण’ लिहिताना क्ष आणि श यांची जागा बदलते, आणि तोच शब्द चार ओळींनंतर अगदी बिनचूक लिहून जाते. हे बिनचूक लिहिणेच तिच्या मुळावर येते, कारण तपासणाऱ्याला वाटते की येत असून ही लक्ष देत नाही. ‘निष्काळजीपणा टाळावा’ हा लाल शाईतला शेरा तिच्या वह्यांतून दुसरीपासून सलग आहे. त्यात आपल्याकडे २००० पासून मराठी शाळांतही पहिलीपासून इंग्रजी आले आणि पाचवीपासून हिंदी येते, म्हणजे तीन भाषा आणि दोन लिप्या; आणि हिंदीची लिपी तीच असली तरी ऱ्हस्व-दीर्घाचे नियम वेगळे.

आठवीपर्यंत हे सारे रेटले गेले. नववीत प्रकरण अडले, आणि ते का अडले हे आमच्या भागातल्या कोणत्याही पालकाला समजावून सांगण्याची गरज नाही. दहावीचा निकाल शाळेच्या फाटकावर फ्लेक्स लावून मिरवला जातो, शेजारच्या शाळेच्या निकालाशी ताडला जातो, आणि पुढच्या जूनमधले प्रवेश त्यावर ठरतात. म्हणून जी मुले निकाल खाली ओढतील असे वाटते, ती नववीतच चाळून बाजूला काढली जातात. काहींना नापास करतात. काहींच्या पालकांना बोलावून, चहा पाजून, गोड शब्दांत सांगतात. आम्हाला चहा मिळाला. ‘ताई, मुलगी गुणी आहे, पण तिला हा ताण कशाला? टी.सी. काढून घ्या, पुढच्या वर्षी सतरा नंबर भरा, घरी निवांत अभ्यास करू द्या. तुम्ही स्वतः शिकलेल्या आहात,’ असे मुख्याध्यापक म्हणाले. त्यांच्या बोलण्यात खोट होती असे मी म्हणणार नाही; त्यांनाही वरून टक्केवारी विचारणारे लोक आहेत. पण सतरा नंबरने बसणाऱ्या मुलीचा पेपर तोच असतो, अभ्यासक्रम तोच असतो, फक्त तिचा निकाल शाळेच्या निकालात धरला जात नाही. निवांतपणा नेमका कोणाला मिळणार होता, हे मला बसस्टँडवर येईपर्यंत कळले होते.

तरीही घरी शिकवण्याचा विचार मी बाजूला टाकला नाही. शाळेने तो स्वतःच्या सोयीसाठी सुचवला एवढ्यावरून तो वाईट ठरत नाही. पुण्या-मुंबईकडे मुलांना ठरवून घरी शिकवणारी कुटुंबे आहेत. त्यांचे लेख मी वाचले, आणि त्यांतल्या एका गोष्टीचा मला हेवा वाटला: त्यांच्या मुलांना कोणी घाई करत नाही. एखादी कल्पना समजायला तीन आठवडे लागले तर ती तीन आठवडे चालते. माझ्या मुलीला याहून अधिक कशाचीच गरज नाही. तिची वाचण्याची गती तिच्या समजण्याच्या गतीच्या फार मागे आहे, आणि शाळेचा तास ज्याची वाचण्याची गती बरी आहे त्याच्यासाठी आखलेला असतो.

मुक्त विद्यालयाची रचनाही मी नीट समजून घेतली. दहावीला किमान पाच विषय घ्यावे लागतात, त्यांत एक तरी भाषा हवी आणि दोनपेक्षा जास्त भाषा घेता येत नाहीत. गणित सक्तीचे नाही. गृहविज्ञान, चित्रकला, डेटा एंट्री असे विषय घेता येतात. माध्यम मराठी ठेवता येते. परीक्षा वर्षातून दोनदा, एप्रिल-मे आणि ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये होते, सगळे विषय एकाच वेळी देण्याची सक्ती नाही, आणि उत्तीर्ण झालेल्या विषयांचे गुण जमा राहतात. पाच वर्षांत नऊ संधी मिळतात. घरून लिहून द्यायच्या स्वाध्यायांनाही गुण आहेत. तीन भाषांच्या ओझ्याखाली दबलेल्या मुलीसाठी याहून माणुसकीची परीक्षा मी पाहिलेली नाही. सतरा नंबर आणि ही परीक्षा या दोन्हींना आमच्याकडे ‘बाहेरून देणे’ असे एकाच दमात म्हणतात, पण दोहोंत फार अंतर आहे. सतरा नंबरात शाळा जाते आणि अडचण तशीच राहते. मुक्त विद्यालयात निदान अडचणीचा आकार लहान होतो.

माझे गाडे अडले ते परीक्षेपाशी नाही, घरापाशी अडले.

आमच्या घरातला एक साधा दिवस सांगते. पहाटे नळाला पाणी येते ते एक दिवसाआड, आणि आले की भरून घ्यावे लागते. मी सव्वानऊला घर सोडते ते दिवेलागणीला परतते. मुलीचे वडील शेतात. सोयाबीन, त्यात तुरीचे पाटे, थोडा कापूस. घरी सासूबाई, ज्यांचे गुडघे गेल्या वर्षापासून साथ देत नाहीत, आणि मामंजी. जावेचे दीड वर्षाचे बाळ. आता या घरात सकाळी दहा ते संध्याकाळी सहा एक चौदा वर्षांची मुलगी पुस्तक घेऊन बसली आहे अशी कल्पना करून पाहावी. तिला कोणी मुद्दाम कामाला लावणार नाही. सासूबाई म्हणतील, ‘बाई, तेवढं दूध बघ.’ जाऊ म्हणेल, ‘पाच मिनिटं बाळाला घे.’ कोणी पाहुणा येईल, चहा ठेवावा लागेल. रास करण्याच्या दिवसांत शेतावर भाकरी पोचवावी लागेल. यातले एकही काम जुलमाचे नाही, आणि सगळी मिळून दिवस संपवतात. माझा मुलगा तिच्यापेक्षा तीन वर्षांनी लहान आहे. तो घरी असता तर त्याला ‘अभ्यास कर’ म्हणून माडीवर पिटाळले असते. मुलगी घरी असली की ती घराची असते. शाळेत तिला कोणी धड शिकवो न शिकवो, तेवढे सहा तास तिला दूध बघायला कोणी सांगत नाही.

दुसरी गोष्ट बोलायला जड आहे, पण ती गाळून हा विषय लिहिता येणार नाही. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत, म्हणजे २०१९-२१ मध्ये, अठराच्या आत लग्न होण्याच्या बाबतीत परभणी आणि बीड हे जिल्हे राज्यात अगदी वरच्या क्रमांकांवर होते. आमच्या गावातून ऊसतोडीला जाणारी घरे आहेत. मुलगी वयात आली, तिला मागे ठेवायला भरवशाचे माणूस नाही, बरोबर न्यावे तर उसाच्या फडावर कोपीत, म्हणजे झोपडीत, राहायचे. मग दिवाळीच्या आधी ‘उरकून टाकतात’. त्या मुलींबद्दल विचारले तर आयांचे उत्तर ठरलेले असते: ‘घरीच असते आता, बाहेरून देणार हाय दहावी.’ शाळेच्या हजेरीपटावरून नाव गेलेली आणि घरी असलेली मुलगी म्हणजे काय, याचा आमच्या गावात एकच अर्थ आहे, आणि मी कितीही पुस्तके वाचून आले तरी माझ्या मुलीपुरता तो अर्थ बदलणार नाही. मी नुसती चौकशी करते आहे एवढे कानावर गेले, तर समोरच्या घरच्या मावशी ओट्यावर येऊन बसल्या आणि म्हणाल्या, ‘लेकराला घरी बसवायलीस म्हणं. पाहुणे कुठले हायेत?’ त्यांनी चेष्टा केली नव्हती. त्यांच्या बहिणीच्या दिराचा मुलगा होता.

मामंजींचा विरोध वेगळ्या मातीतून आलेला. त्यांचे वडील निजामाच्या राजवटीत शिकले. तेव्हा सरकारी हायस्कूलचे माध्यम उर्दू, आणि मराठीतून शिकायचे तर लोकांनी वर्गणी काढून चालवलेल्या खासगी शाळा शोधाव्या लागत. हिप्परग्याची राष्ट्रीय शाळा १९२१ ची. स्वामी रामानंद तीर्थ पुढे तिथेच मुख्याध्यापक होते. अशा शाळांची नावे मामंजी देवाच्या नावासारखी घेतात. ‘शाळेसाठी लोकं गाव सोडून गेली, आन् तुम्ही दारात बस येती तर टी.सी. काढायच्या गोष्टी करता,’ हे त्यांचे म्हणणे. मी त्यांना सांगू शकले असते की त्यांच्या वडिलांची अडचण सरकारने लादलेल्या भाषेची होती, आणि यांच्या नातीची अडचण कोणत्याही भाषेत तिच्या सोबतच राहते. मी ते सांगितले नाही, कारण त्यांच्या बोलण्यातला बसचा मुद्दा माझ्या मनात घर करून राहिला.

बस म्हणजे मानव विकास या सरकारी कार्यक्रमाची निळी बस. ती गावातल्या मुलींना तालुक्याच्या शाळेत नेते आणि आणते. शिवाय अहिल्यादेवी होळकरांच्या नावाची एस.टी.ची योजना आहे, तीत पाचवी ते बारावीच्या मुलींना मोफत पास मिळतो. तो पास शाळेच्या दाखल्यावर निघतो. शाळा सुटली की पास सुटतो, आणि पास सुटला की माझ्या मुलीला तालुक्याला जायला कोणाची तरी मोटारसायकल आणि कोणाची तरी परवानगी लागते. शहरात घरी शिकणाऱ्या मुलांच्या आया त्यांना वाचनालयात, पोहायला, चित्रांच्या वर्गाला नेतात. त्यांच्यासाठी घर हे मुक्कामाचे ठिकाण असते आणि शहर ही शाळा. आमच्याकडे निळी बस बंद झाली तर घर हेच सगळे काही.

घरी शिकवण्याच्या बाजूने सर्वात मोठ्याने बोलणारे एकच माणूस होते, मुलीचे वडील. त्यांचे म्हणणे होते की ती व्यवहारात शिकते तेवढी वर्गात कधीच शिकली नाही. त्याला आधारही आहे. मागच्या हंगामात ते तिला मोंढ्यावर घेऊन गेले होते. अडत्याने मूठभर दाणे यंत्रात घालून ओलावा जास्त दाखवला आणि भाव पाडला. मुलीने यंत्रावरचा आकडा पाहिला, बारा टक्क्यांच्या वर किती हे मनातल्या मनात काढले, पोत्यांचे वजन आधीच पाठ होते, आणि कटती, म्हणजे ओलाव्यापोटी होणारी वजावट, किलोवर धरली तर किती आणि भावावर धरली तर किती, हे तिथेच तोंडी सांगितले. दोन्ही रकमांत फरक होता. अडत्याने पोरीकडे एकदा पाहिले आणि हिशेब फिरवला. हा प्रसंग घरात इतक्या वेळा सांगितला गेला आहे की त्यातली पोती दर खेपेला वाढतात.

मला अभिमान आहे, पण या प्रसंगावर मी निर्णय उभा करायला तयार नव्हते. वाचता न येणाऱ्या प्रत्येक मुलात एखादा थोर शास्त्रज्ञ किंवा कलावंत दडलेला असतो अशी एक गोड समजूत सध्या फार पसरली आहे, आणि तिचा जाच अशा मुलांना कमी होत नाही. आधी ती ढ ठरत होती, आता ती विलक्षण ठरली पाहिजे. माझी मुलगी तोंडी हिशेबात तरबेज आहे, कबड्डीत बरी आहे, स्वयंपाकात आळशी आहे. मला तिच्याकडून थोरवी नको, दहावीचे प्रमाणपत्र हवे, कारण आशा सेविकेपासून अंगणवाडीपर्यंत आणि बँकेच्या शिपायापासून आमच्या कचेरीच्या टंकलेखकापर्यंत कोणीही आधी तेच मागतो. आणि ज्या भागातून दहावीनंतर हुशार मुले घाऊकपणे लातूरला खोली करून राहतात, जिथे ‘लातूर पॅटर्न’ हे दोन शब्द म्हणजेच शिक्षण मानले जाते, तिथे पुस्तक संथ वाचणाऱ्या मुलीला निदान एक पायरी तरी कागदावर पार केलेली असावी लागते.

घरी शिकवणे म्हणजे प्रत्यक्षात काय, हे मी उन्हाळ्याच्या सुट्टीत करून पाहिले. सकाळी उन्हाच्या आधी आम्ही दोघी गच्चीवर बसत होतो. मी पाठ्यपुस्तक बाजूला ठेवले आणि फक्त रफार घेतला. आधी तोंडी: ‘सूर्य’ म्हणताना टाळी कुठे तुटते? सूर्-य. मग र आधी ऐकू येतो की य? र आधी. मग तो कोणाच्या डोक्यावर बसेल? ज्याच्या आधी ऐकू आला, त्याच्या. हे एकदा तिच्या कानाला पटल्यावर तिने ‘धर्म’, ‘पर्वत’, ‘वर्ग’ असे शब्द एकामागून एक बरोबर लिहिले, आणि दुसऱ्या दिवशी त्यांतले अर्धे चुकवले. या मुलांना शिकवण्याची मान्य रीत हीच आहे: एका वेळी एक नियम, कान, तोंड, हात आणि डोळा सगळ्यांना कामाला लावून, आणि आपल्याला कंटाळा आला तरी त्यापुढेही अनेक दिवस तेच. मी ते कसेबसे करू शकले, कारण कचेरीला उन्हाळ्यात सकाळची पाळी नव्हती आणि मी रजा घेतली होती. वर्षभर हे करणारे माणूस आमच्या घरात नाही. ‘समग्र शिक्षा’ या सरकारी योजनेतले विशेष शिक्षक गटसाधन केंद्रातून फिरतात. आमच्याकडे येणारे सर मनापासून शिकवतात, पण ते कंत्राटावर आहेत, आणि त्यांच्या वाट्याला किती गावे आहेत हे पाहिले की त्यांना आमच्या गच्चीवर बोलावण्याची लाज वाटते. गृहाधारित शिक्षणाची जी सरकारी सोय आहे, ती अंथरुणाला खिळलेल्या, तीव्र दिव्यांगत्व असलेल्या मुलांसाठी आहे, आणि ती त्यांच्यासाठीच राहावी.

एक गोष्ट मात्र घरी विनासायास जमली. बालभारतीची पुस्तके पीडीएफ स्वरूपात फुकट मिळतात. मोबाइलला मजकूर मोठ्याने वाचायला लावता येतो. आवाज यंत्राचा असला तरी मराठी कळण्यासारखे असते. इतिहासाचा धडा तिने तसा ऐकला, वर पुस्तकावर बोट फिरवत ठेवले, आणि संध्याकाळी मला सगळा सांगितला, मध्ये माझी एक सनावळ दुरुस्त करून. ज्या धड्यासाठी तिला वर्गात एक आठवडा पुरत नव्हता, तो एका दुपारी झाला. म्हणजे तिला इतिहास येत नव्हता असे कधी नव्हतेच. तिच्यापर्यंत तो पोचत नव्हता.

इतके सगळे मोठ्यांनी बोलून झाल्यावर मुलीला विचारावे हे सुचले ते सासूबाईंना, आणि त्यांनी ते ताटावर बसल्या बसल्या विचारले. मुलीने घास खाली ठेवला नाही. ती म्हणाली, ‘मला वर्गात उभं करून वाचायला लावू नका, एवढं सांगा की त्यांना. शाळा कामून सोडायची?’

मी त्या रात्री कागद पुन्हा काढले. आम्ही सगळे जण शाळा ठेवायची की सोडायची यावर महिनाभर झुंजत होतो, आणि तिला जे टोचत होते ते रोजच्या वेळापत्रकातले एक ठरावीक पाऊण तासाचे दुखणे होते: मराठीच्या आणि इंग्रजीच्या तासाला बाकांच्या क्रमाने उभे राहून परिच्छेद वाचणे. आपला परिच्छेद कोणता येईल हे ती आधी मोजून ठेवते आणि तो पाठ करू पाहते. मधली एखादी मुलगी गैरहजर निघाली की सगळा हिशेब चुकतो. हे तिने मला मागेच सांगितले होते की नव्हते, ते आता आठवत नाही. परंतु एवढ्या एका गोष्टीसाठी बस, पास, मैत्रिणी, कबड्डी आणि हजेरीपटावरचे नाव, सगळे मोजून देण्याची आमची तयारी चालली होती.

त्यानंतर मी मला येते ते काम केले. अर्ज लिहिला. २०१६ च्या अधिनियमाच्या कलम १६ प्रमाणे अध्ययन अक्षमता लवकर ओळखून तिच्यासाठी योग्य अध्यापन-उपाय करणे हे शिक्षणसंस्थांकडून अपेक्षित आहे, आणि कलम १७ मध्ये परीक्षेतला जादा वेळ, लेखनिक, दुसऱ्या व तिसऱ्या भाषेतून सूट अशा सवलती नावानिशी लिहिलेल्या आहेत. कलम ३१ प्रमाणे ठरावीक प्रमाणाच्या वर दिव्यांगत्व असलेल्या मुलांचा मोफत शिक्षणाचा हक्क चौदाला न संपता अठरापर्यंत चालतो. ते प्रमाण चाळीस टक्के आहे आणि मुलीचे प्रमाणपत्र त्यात बसते. श्रावणात ते पुन्हा तपासूनही आणले. म्हणजे शिक्षण हक्क कायदा ज्या वयाला तिचा हात सोडतो, त्याच वयाला हा दुसरा कायदा तो धरून ठेवतो. हे मला मुख्याध्यापकांना तोंडी पटवता आले नसते. अर्जात मागण्या थोड्याच होत्या: आधी सांगितल्याशिवाय प्रकट वाचनाला उभे करू नये, घटक चाचणीपासूनच तासाला वीस मिनिटे जादा वेळ द्यावा, प्रश्नपत्रिका वाचून दाखवण्यास व उत्तरे लिहिण्यास रायटर द्यावा, आणि दहावीच्या सवलतींचा प्रस्ताव मंडळाकडे नववीतच तयार ठेवावा. अर्जाच्या स्थळप्रतीवर शाळेचा आवक क्रमांक आणि शिक्का घेतला. कारकुनाने विचारले, ‘ताई, हे कशाला?’ मी म्हटले, ‘सवय.’

मुक्त विद्यालयाचा पर्याय मी फाडून टाकलेला नाही. नववीत तिला अडवले तर आम्ही तिकडे जाणार, आणि त्याच्या अटी घरातल्या सगळ्यांसमोर बोलून ठेवल्या आहेत. अभ्यास घरात होणार नाही. तालुक्याला माझ्या मावसबहिणीकडे खोली आहे, तिथे ती रोज माझ्यासोबत सव्वानऊला निघेल आणि माझ्यासोबत परतेल, मग पास नसला तरी तिकिटाचे पैसे मी देईन. बाळाला सांभाळणे हा तिचा विषय नाही. आणि दहावी होईपर्यंत पाहुणे हा शब्द कोणी काढायचा नाही. शेवटच्या अटीवर मामंजी सर्वांत आधी ‘बरं’ म्हणाले, सासूबाईंनी थोडा वेळ घेतला.

शाळेने वाचनाचे मान्य केले. मराठीच्या बाईंनी तर आदल्या दिवशी परिच्छेद सांगण्याची पद्धत स्वतःहून सुरू केली, आणि आता वर्गातल्या आणखी दोघी-तिघी आपलाही परिच्छेद आधी सांगा म्हणून त्यांच्या मागे लागल्या आहेत, असे मुलगी सांगते. जादा वेळही मिळाला. रायटरचे अडले आहे. रायटर खालच्या वर्गातला लागतो. आठवीतली एक मुलगी तयार आहे, तिचे अक्षर मोत्यासारखे आहे आणि तिच्या आईचीही ना नाही. परंतु सत्र परीक्षेत आठवी आणि नववीचे पेपर एकाच वेळी आहेत, आणि एका मुलीसाठी वेळापत्रक बदलता येणार नाही असे शाळेचे म्हणणे आहे. सातवीचे पेपर दुपारच्या सत्रात असल्याने सातवीतली मुलगी चालेल, असे मी सुचवले आहे. मुख्याध्यापक म्हणाले, बघू. दुसरा अर्ज सोमवारी दिला, त्यावरही आवक क्रमांक घेतला आहे, आणि परीक्षा दिवाळीच्या आधी आहे.